झुल्मिराने ठेवलेला गडी

झुल्मिरा रोज सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी धान्याच्या कोठारात जायची आणि तिथलं अंथरूण विस्कटून यायची. त्यावर कुणी झोपलेलंच नसायचं. घोंगडी एका बाजूला ओढायची, उशीला मधोमध एक बुक्की हाणायची आणि मोठं काम उरकल्यासारखी एप्रनला हात पुसत बाहेर यायची. समोरच्या पायरीवर म्हातारा जेर्मानो शेंगा सोलत बसलेला असायचा. ती दिसली की तो मान खाली घालायचा. तिचा गडी नुगझार त्या कोठारात झोपत नाही हे अख्ख्या विलार गावाला ठाऊक होतं, आणि तो तिथेच झोपतो असं अख्ख्या विलारने ठरवून टाकलं होतं.

आमच्या गावाची ही रीतच आहे. शेजाऱ्याने एखादी गोष्ट झाकली की आपणही वरून हात धरायचा. खरं काय ते सगळ्यांना माहीत, पण बोलायचं कुणी नाही. याला आम्ही आब म्हणतो. मला विचाराल तर हा निव्वळ भेकडपणा आहे, पण मला विचारतंय कोण.

झुल्मिरा साठीला टेकलेली, हाडापेराने दणकट बाई. तिचा नवरा बेलार्मिनो लक्झेंबर्गला गवंडीकाम करून फुप्फुसात धूळ भरून घरी आला आणि दोन हिवाळ्यांत गेला. पोरबाळ नाही. मागे राहिलं सासऱ्याने बांधलेलं दगडी घर, चेस्टनटची उतरणीवरची झाडं, थोडे ऑलिव्ह, दोन डुकरं. हे सगळं तिने एकटीने रेटलं. चेस्टनटचे व्यापारी तिच्या दारात येताना टोपी काढून यायचे, कारण वजनकाट्यावर कुणी बोट ठेवलं तर ती त्याच्या सात पिढ्या काढायची. पण कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई लोकांच्या तोंडाला मात्र भारी भ्यायची. नवरा गेल्यावर काळे कपडे चढवले ते उतरवलेच नाहीत. उन्हाळ्यात घामाने पाठ भिजायची, पण अंगावरचा काळा लोकरी स्वेटर तसाच.

नुगझार आला तो चेस्टनट वेचणाऱ्यांच्या टोळीबरोबर, एका खटारा व्हॅनमधून. मूळचा जॉर्जियाचा. गावाने पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'रशियन' ठेवलं. तो बिचारा समजावून सांगायचा, "मी रशियन नाही. रशियनांनी माझं गाव घेतलं." त्यावर कॉफीच्या दुकानातली मंडळी समजूतदारपणे माना हलवायची. "बरोबर आहे तुझं. म्हणजे रशियनच की."

सुगी संपली, टोळी स्पेनकडे गेली, हा मागे राहिला. झाडं छाटायला म्हणून राहिला. आधी त्याने न सांगता झुल्मिराच्या दाराची बिजागरी बसवली. मग तिची धुरकट चूल ठीक केली. आणि महिन्याभरात तो तिच्या हातच्या कोबीच्या सुपाला नावं ठेवायला लागला. "याला चव नाही. नुसतं गरम आहे," म्हणायचा. बेलार्मिनोने कधी सुपाकडे मान वर करून बघितलंही नव्हतं. झुल्मिराला राग आला, आणि दुसऱ्या दिवशी तिने सुपात दुप्पट लसूण घातला. तिथून जे व्हायचं ते झालं.

दार लागलं की ती त्याची मिरा होती. दार उघडलं की 'दोना झुल्मिरा', म्हणजे बाईसाहेब, आणि तो तिचा गडी. त्याचे कपडे ती गोठ्यामागच्या वेगळ्या दोरीवर वाळत घालायची. त्याच्या मनाला ते लागायचं. पण मोडक्यातोडक्या भाषेत तो एवढंच म्हणायचा, "तुझं गाव, तुझा कायदा."

हे सगळं बाहेरच्या एकाच माणसाला तिने तोंडाने सांगितलं होतं, तिच्या नणंदेला. ओतिलिया ही बेलार्मिनोची थोरली बहीण. लग्न होऊन आल्यापासून या दोघींचं नणंद-भावजयीसारखं नव्हतंच कधी, गळ्यात गळा होता. बेलार्मिनो परदेशी असताना दोघी एकीच्या घरी पाव भाजायच्या आणि दुसरीच्या घरी खायच्या. तो शेवटच्या आजारात होता तेव्हा ओतिलिया त्याच्या उशाशी बसायची, म्हणजे झुल्मिराला डोळा लागावा. अशा बाईपासून काय लपवायचं? एका रविवारी चर्चवरून परतताना तिने सांगून टाकलं.

ओतिलिया रस्त्यात थांबली आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "बरं झालं बाई. एकटं राहणं वाईट. पण घाई करू नकोस. लोकं काय, बोलायला टपलेलीच असतात."

"म्हणून तर तुला सांगते आहे. काय करू?"

"काळे कपडे काढू नकोस. आणि डुकराच्या दिवशी त्याला आत टेबलाशी बसवू नकोस. त्या दिवशी अख्खं गाव तुझ्या घरात असतं. आत बसला की झालं, सोमवारी बेकरीत तुझंच नाव. त्याला अंगणात दे ताट. दोन-तीन वर्षं जाऊ देत अशी. वेळ आली की मी उभी आहे ना तुझ्या मागे."

हिवाळ्यात डुक्कर मारायचा दिवस म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या खालोखाल. सगळे हात लावायला येतात, आणि काम उरकलं की घरचे, सोयरे, शेजारी आत लांब टेबलाशी बसतात. पैशाने आणलेली माणसं अंगणात जेवतात. कुणाला कुठे बसवलं यावरून आमच्याकडे भावाभावांचं बोलणं बंद झालेलं आहे. झुल्मिराने नुगझारच्या ताटात सगळ्यात कोवळा तुकडा घातला, वर भाजलेले चेस्टनट घातले, आणि ताट बाहेर पाठवलं. खिडकीतून तिला त्याची पाठ दिसत होती. ओतिलिया तिच्या शेजारी बसली होती. तिने टेबलाखालून झुल्मिराचा गुडघा दाबला, शाबासकी दिल्यासारखा.

पाहुणे गेल्यावर नुगझार ताट घेऊन आत आला. "आमच्याकडे पाहुण्याला बाहेर बसवत नाहीत," तो म्हणाला.

"तू पाहुणा थोडाच आहेस?"

"मग कोण आहे?"

झुल्मिरा हसली आणि भांडी घासायला लागली. पुढच्या दोन्ही हिवाळ्यांतही तो अंगणातच जेवला, आणि तेव्हा त्याने काही विचारलं नाही.

तिसरं वर्ष भरलं त्या सुगीत तो उतरणीवर कोसळला. टोपली एकीकडे, तो एकीकडे, ओठ निळे पडलेले. तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण पोरगी होती, पण सरळ बोलणारी. हृदयाची झडप गेली आहे म्हणाली. आता गोळ्यांवर निभेल, पण हिवाळा उलटायच्या आत पोर्तोच्या मोठ्या इस्पितळात नेऊन ऑपरेशन करायलाच हवं.

"मग लिहून द्या की," झुल्मिरा म्हणाली.

"लिहून देते. पण यांचा इथे कुठे नंबरच नाही. तातडीचं आम्ही कुणाचंही करतो. ऑपरेशन, पुढची औषधं, घरी बसावं लागेल तेव्हाचा भत्ता, या सगळ्याला माणसाची इथे नोंद लागते. हे तुमचे कोण?"

झुल्मिराने मागे वळून पाहिलं. बाकावर आमच्याच गावची दोन माणसं बसलेली. "माझ्याकडे कामाला आहे," ती म्हणाली.

नुगझार शर्टाची बटणं लावत होता. त्याने वर बघितलंही नाही.

रस्त्यात मात्र तिच्या मनात आलं, हा मेला तर? तिने गाडी तशीच ग्रामपंचायतीसमोर उभी केली. आमचा सरपंच आदेरितो ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात गाव चालवतो. माणूस भला, पण शिक्क्याला भिणारा. तिने दार लावून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं. त्याला ते माहीत होतंच, पण त्याने नव्याने ऐकल्यासारखा चेहरा केला.

"लग्न करून टाका की," तो म्हणाला.

"त्याच्या जन्माचा दाखला कुठून आणू? त्याचं गाव आता त्यांच्या देशात नाही. तिथलं ऑफिस त्याला उत्तरही देत नाही."

आदेरितोने नाक खाजवलं. "मग दुसरी वाट आहे. दोघं नवरा-बायकोसारखी दोन वर्षं एकत्र राहिली असतील तर कायदा ते धरतो. गावातल्या दोन मतदारांनी माझ्यासमोर शपथेवर सांगायचं. एक अंथरूण, एक ताट, एक छप्पर. त्यांनी सांगितलं की मी शिक्का मारला. शिक्का पडला की तो तुझा माणूस म्हणून त्याचं राहण्याचं कार्ड, आणि कार्डावर तुझ्या त्या डॉक्टरणीचा नंबर."

"दोनच?"

"दोनच. पण बोलणारे हवेत."

ती तडक ओतिलियाकडे गेली. ओतिलिया मुरंबा ढवळत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं वेडे, यात विचारायचं काय? मी नाही तर कोण सांगणार?" वर आजाऱ्यासाठी म्हणून मुरंब्याची बरणी बांधून दिली. दुसरा साक्षीदार जेर्मानो. तो लाजून म्हणाला, "मी सांगेन, पण मला कुठे काय माहीत आहे?" झुल्मिरा त्याला म्हणाली, "आता पुरे झालं जेर्मानो. तीन वर्षं मान खाली घालतोयस, एकदा वर कर." म्हातारा तोंडभर हसला.

त्या रात्री झुल्मिराला शांत झोप लागली. आणि सकाळी ती कोठारात गेलीच नाही. अंथरूण तसंच राहिलं, सरळ.

ग्रामपंचायत गुरुवारी संध्याकाळी उघडते. कुत्र्यांच्या परवान्याला, पाण्याच्या तक्रारीला आलेली माणसं भिंतीकडेने बसली होती. झुल्मिराने निळा ब्लाउज घातला होता. कित्येक वर्षांनी तिच्या अंगावर रंग दिसला, आणि माणसं आपली छताकडे बघत राहिली. नुगझारने दाढी केली होती. तो दाराशी उभा राहिला. ये म्हटलं तरी पुढे आला नाही.

जेर्मानोने चोख सांगितलं. "नवरा-बायकोच आहेत. आमच्या कुत्र्यालाही माहीत आहे." लोक हसले. आदेरितोही हसला आणि वळला. "ओतिलिया, आता तू. शपथेवर. हा माणूस तुझ्या भावजयीबरोबर एका अंथरुणावर, एका ताटात, एका छपराखाली, नवरा-बायकोसारखा राहतो का?"

ओतिलियाने छातीवर क्रूस काढला. "शपथेवर खोटं बोलणार नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगते," ती म्हणाली. "डुकराच्या दिवशी घरचे सगळे आत जेवले. हा अंगणात जेवला. सलग तीन वर्षं. इथे बसलेल्या सगळ्यांनी पाहिलंय. याचे कपडे गोठ्यामागे वाळतात. याचं अंथरूण कोठारात आहे, त्यावरची घोंगडी मीच दिलेली. गडी म्हणून चांगला आहे हो. माझी काही तक्रार नाही."

झुल्मिराला आधी वाटलं, बाई गोंधळली असेल. मग तिने ओतिलियाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की गोंधळ कसलाही नाही.

"ओतिलिया," ती म्हणाली, "त्याला बाहेर बसव म्हणून तूच सांगितलं होतंस."

"बसवलंस ना पण?" ओतिलिया म्हणाली.

झुल्मिरा भिंतीकडच्या माणसांकडे वळली. "तुम्हाला माहीत आहे सगळं. तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. बोला की कुणीतरी. एक जण बोला."

बेकरीवाली फरशी बघत होती. कुत्र्याचा मालक कुत्र्याचा पट्टा सारखा करत होता. तीन वर्षं ज्यांनी तिची लाज राखली, त्यांनी त्या दिवशीही तिची लाजच राखली, आणि ती राखता राखता तिला पार बुडवली. शपथ घेतलेल्या बाईला तोंडावर खोटं पाडायचं आमच्या गावात कुणाच्या बापाच्याने झालेलं नाही. मीही तिथे होतो, आणि मीही बोललो नाही. लिहून काय उपयोग, पण लिहितो.

आदेरितोला घाम फुटला होता. वाट काढायची म्हणून त्याने नुगझारला विचारलं, "तूच सांग बाबा. तू कुठे जेवतोस?"

नुगझारने झुल्मिराकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच. "ती बसवते तिथे," तो म्हणाला.

शिक्का पडला नाही.

झुल्मिरा दुसऱ्या दिवशी ओतिलियाच्या स्वयंपाकघरात गेली ती दार न ठोठावताच. मुरंब्याची बरणी टेबलावर आदळली. "केसाने गळा कापलास माझा," ती म्हणाली. "का? एवढं सांग. काय घोडं मारलं होतं मी तुझं?"

ओतिलिया बटाटे सोलत होती. सुरी खाली ठेवून तिने हात पुसले. "त्या खोलीतल्या पलंगावर माझा बाप मेला. माझा भाऊ मेला. आता तिसरा तिथे हा मरणार?"

"तो मरूच नये म्हणून तर सगळं चाललंय."

"शिक्का पडला असता तर तुझ्यामागे त्याला त्या घरातून कुणी हलवू शकलं नसतं. मी वकिलाला विचारून आले आहे. ते घर माझ्या तेल्मोला द्यायचा शब्द दिला होतास तू, बेलार्मिनोच्या देखत."

तेल्मो म्हणजे ओतिलियाचा मुलगा. तो फ्रान्सला असतो आणि ऑगस्टमध्ये येऊन घराच्या भिंतींचे फोटो काढून जातो.

"शब्द दिला होता तर दिलाच होता. मी कुठे फिरवला? विचारायचं होतंस मला," झुल्मिरा म्हणाली. मग तिच्या काहीतरी ध्यानात आलं. "वकिलाला कधी विचारलंस?"

ओतिलिया टेबलावरची सालं गोळा करायला लागली.

"कधी, ओतिलिया?"

"तू मला सांगितलंस ना रविवारी, त्याच आठवड्यात."

झुल्मिरा खुर्चीवर बसली. म्हणजे डुकराच्या दिवसाचा तो सल्ला, ते काळे कपडे, घाई करू नकोस, टेबलाखालून दाबलेला गुडघा, सगळं त्या पहिल्या आठवड्यापासूनच्या हिशोबातलं होतं. ही बाई तीन वर्षं तिच्या घरी पाव खात होती आणि एकेक साक्ष गोळा करत होती. कुंपणच शेत खात होतं. जगात एकाच माणसाला ती खरं बोलली होती.

"माझं मन तुला दगडाचं वाटत असेल," ओतिलिया म्हणाली. तिचेही डोळे भरले होते, आणि ते खोटं नव्हतं हाच तर ताप. "पण एक ऐक. मी सांगितलं बसव बाहेर. ठीक आहे, मी वाईट. पण नवरा मानला असतास त्याला, तर माझ्या सांगण्यावरून बसवलं असतंस? बेलार्मिनोला बसवलं असतंस कधी अंगणात?"

ताकाला जाऊन भांडं तिनेच लपवलं होतं, तीन वर्षं.

"तो मरावा असं मला वाटत नाही," ओतिलिया पुढे म्हणाली. "दुसरी वाट आहे. तू त्याला कामाला ठेवला आहेस, असंच लिहून दे. मालकीण म्हणून सही कर, त्याचा विमा भर. कामगार म्हणून त्याची नोंद होते, नंबर मिळतो, ऑपरेशन होतं. त्याला साक्षीदार लागले तर मी येईन. अर्धं गाव येईल."

"आणि एकदा मी तसं लिहून दिलं की..."

"की तो तुझा गडी. कायमचा. मग पुढे कुणी काही म्हणायचं नाही." ओतिलियाने परत सुरी उचलली.

झुल्मिरा आठवडाभर चरफडत राहिली. डॉक्टरणीला फोन केला, आदेरितोच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. दोन वर्षं आजपासून मोजली तर, असं तो म्हणाला, आणि ती दार आपटून बाहेर पडली. तिकडे नुगझार जिना चढताना मध्येच थांबायला लागला होता. श्वास शिट्टीसारखा वाजायचा. आता ती त्याला रोज आत टेबलाशी बसवत होती, पडदे उघडे टाकून, रस्त्यावरून दिसेल अशा जागी. पण रस्त्यावरून जाणारे तिकडे बघत नव्हते.

शेवटी तिने त्याला सांगितलं. "नुसता कागद आहे रे. तू बरा झालास की बघू पुढचं."

"वाच मला," तो म्हणाला.

तिने वाचलं. शेतकाम आणि घरकामासाठी ठेवलेला गडी. राहण्याची सोय, मालकिणीच्या कोठारात.

"कोठारात," नुगझार म्हणाला.

"ते असं लिहावं लागतं. तेच सगळ्यांनी सांगितलंय ना, दुसरं लिहिलं तर परत चौकशी लागेल. सही कर. माझ्यासाठी कर."

त्याने सही केली. मग पेन तिच्या हातात परत देत म्हणाला, "तीन वर्षं मी बिनकागदाचा गडी होतो, मिरा. आता कागदाचा झालो. बढती मिळाली." तिला वाटलं तो थट्टा करतोय, आणि ती हसली. तो हसला नाही.

त्या गुरुवारी पंचायतीत साक्षीदारांची रांग लागली. हो, हा गडीच आहे, चांगला कामसू गडी आहे, आम्ही पाहिलंय. बेकरीवाली बोलली, कुत्र्याचा मालक बोलला. ज्यांच्या तोंडातून एक शब्द निघत नव्हता त्यांना आता थांबवावं लागत होतं. जेर्मानो तेवढा आला नाही. शेंगांची टोपली घेऊन तो घराच्या मागच्या बाजूला जाऊन बसला, आणि झुल्मिराच्या दारासमोरची त्याची पायरी तेव्हापासून रिकामीच आहे. आदेरितोने शिक्का मारला तो इतक्या जोरात की टेबल हललं.

आणि कागदाने काम केलं, हे म्हणायलाच हवं. कार्ड आलं, नंबर आला, थंडी संपायच्या आत पोर्तोची तारीख आली. झुल्मिरा त्याला पोचवायला गेली होती, पण भरती करून घेताना तिला फाटकातूनच परत पाठवलं. ऑपरेशन दोन दिवसांपूर्वीच झाल्याचा फोन आला तेव्हा ती डुकरांना खायला घालत होती. बादली तिथेच टाकून ती मिळेल त्या बसने निघाली. निळा ब्लाउज, वर कोट, पिशवीत त्याला आवडणारं लसणाचं सूप, दोन झाकणं लावलेलं. रस्ताभर ती मनाशी ठरवत होती. घर गेलं खड्ड्यात, ते तेल्मोला देऊन टाकायचं. नुगझारला घेऊन कुठे तरी दोन खोल्या बघायच्या, जिथे कुणी ओळखत नाही. पहिल्या दिवसापासून एका टेबलाशी बसायचं. ओतिलियाचं तोंडही बघायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला गाव काय म्हणेल याची फिकीर वाटत नव्हती, आणि तिला ते इतकं सोपं वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

हृदयाच्या वॉर्डाबाहेर एक नर्स बसली होती. बाई वयाने झुल्मिराएवढी, चष्मा डोक्यावर सरकवलेली, बोलायला मायाळू.

"नुगझारला भेटायचंय," झुल्मिरा म्हणाली.

"पहिले काही दिवस फक्त घरच्यांना सोडतो आत. तुम्ही त्यांच्या कोण?"

"बायको."

शब्द मोठ्याने बाहेर पडला. बाकावरच्या माणसांनी वळून बघितलं. बघू देत. तिने परत सांगितलं, "मी त्याची बायको."

नर्सने चष्मा खाली ओढून समोरच्या नोंदीत बघितलं. "इथे तर बायको नाही म्हणून लिहिलंय. एक नाव आहे, ते मालकिणीचं. झुल्मिरा म्हणून."

"ती मीच. पण ते नुसतं कागदावर आहे. खरं तसं नाही. त्यालाच विचारा ना तुम्ही. तो शुद्धीवर आहे ना?"

"आहेत की. सकाळी थोडं सूपही घेतलं." नर्स उठली. "थांबा, विचारून येते. त्यांनी हो म्हटलं तर माझी काही हरकत नाही."

झुल्मिराने कोटाची बटणं काढली, ब्लाउज नीट केला, पिशवी हातात घेऊन दाराजवळ जाऊन उभी राहिली.

नर्स लवकर परत आली. तिचा चेहरा चांगली बातमी आणल्यासारखा होता. "छान आहेत अगदी. तुमचा निरोपही दिलाय त्यांनी. म्हणाले, मला बायको नाही. मालकीणबाई आल्या असतील तर त्यांना सांगा, काळजी करू नका, वसंतात छाटणीला येतो कामावर."

झुल्मिराने सुपाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "तुम्ही त्याला मालकीण आली म्हणून सांगितलं असेल."

"छे हो," नर्स म्हणाली. "बायको आली आहे, असंच सांगितलं मी."